सिबिल बिघडलेला, पोरीचा नंबर लागलेला: कॉलेजचं कर्ज मागायचं कसं

कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, यादी लागली की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूमबाहेर बाप-लेकांची, माय-लेकींची ये-जा सुरू होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मार्कशीट, दाखले, सातबारा. दहातल्या सहा जणांचा प्रश्न ठरलेला: "सर, सिबिल न बघता कॉलेजला कर्ज कोण देतं?" मी बँकेतला माणूस नाही, गणित शिकवतो. पण आजवर पोरांच्या इतक्या फाइली बघितल्या आहेत की फाइल कुठे अडते ते आता अंगवळणी पडलंय.

आधी सरळ उत्तर. शैक्षणिक कर्जाची फाइल आली की बँक सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीच्या नोंदी आणि त्यावरून दिलेला स्कोअर, बघतेच. न बघता कर्ज देतो म्हणणारा बहुतेक वेळा एकतर तुमचं सोनं ठेवून घेणारा असतो, नाहीतर तुम्हाला गंडवणारा. पण सिबिल बघणं वेगळं आणि सिबिलवरून फाइल परत करणं वेगळं. यातला दुसरा प्रकार बऱ्याचदा टाळता येतो. कसा, ते लिहितो.

आधी रिपोर्ट हातात घ्या, मग घाबरा

"सिबिल नाही" आणि "सिबिल खराब" हे दोन वेगळे आजार आहेत. लोक दोन्हींना एकच नाव देतात.

बारावी झालेल्या पोराने आयुष्यात कधी कर्ज घेतलेलं नसतं. त्याच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा 'एनएच' दिसतं. याचा अर्थ एवढाच की इतिहास नाही. हा दोष नव्हे. रिझर्व्ह बँकेने 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितलंय की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही हेच सांगितलं, आणि कर्जासाठी अमुक इतका स्कोअर हवाच असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, हेही. शाखेत कुणी "पोराचा सिबिलच नाही, कर्ज होणार नाही" म्हणालं, तर ही तारीख सांगा. आवाज न चढवता.

खरा अडथळा असतो सहकर्जदाराचा, म्हणजे बहुतेक घरांत वडिलांचा. शैक्षणिक कर्जात विद्यार्थी मुख्य कर्जदार आणि आई किंवा वडील सहकर्जदार, अशी जोडी लागते. बँक पोराचं भविष्य बघते असं म्हणतात, पण संगणकावर आधी वडिलांचा भूतकाळ उघडते.

म्हणून पहिलं काम: आई आणि वडील, दोघांचेही रिपोर्ट काढा. देशात कर्जफेडीच्या नोंदी ठेवून असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट, एक रुपया न देता. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जायचं, पॅन आणि मोबाइल नंबर टाकायचा. गावातल्या सेवा केंद्रात कुणी यासाठी पाचशे मागत असेल तर तो रिपोर्टचे नाही, बटण दाबण्याचे पैसे मागतोय. आईने बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज घेतलं असेल तर क्रिफ हायमार्कचा रिपोर्ट चुकवू नका. गटाच्या कर्जांच्या नोंदी तिथे हमखास सापडतात, आणि पुष्कळ बायकांना आपला रिपोर्ट आहे हेच ठाऊक नसतं.

रिपोर्ट वाचायचा कसा? वर 300 ते 900 मधला आकडा असतो. तो बघून लगेच कपाळाला हात लावू नका, खाली जा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात. '000' किंवा 'एसटीडी' म्हणजे हप्ता वेळेवर. '030', '060' म्हणजे तितके दिवस उशीर. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, त्यात तुमचा दोष नाही. मग खात्याची स्थिती बघा. 'क्लोज्ड' चांगलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून, पूर्ण न भरता मिटवलेलं, आणि 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं. ही दोन नावं बँकेच्या माणसाला सगळ्यात आधी दिसतात.

मागच्या जूनमधली गोष्ट. एक वडील स्टाफरूमच्या बाकावर बसलेले, शेजारी मुलगी. तिचा अभियांत्रिकीला नंबर लागलेला, यांचा स्कोअर 612. आम्ही रिपोर्टचे पानामागून पान लाल पेनने वाचत गेलो. पीककर्ज नीट. सोसायटी नीट. तिसऱ्या पानावर मोटारसायकलचं कर्ज, तीन वर्षांपूर्वी फेडलेलं, आणि त्याखाली थकबाकी 590 रुपये. कसला तरी चेक परत गेल्याचा दंड, फायनान्सवाल्याने कधी सांगितला नव्हता, यांनी कधी विचारला नव्हता. छत्तीस महिने ते खाते 'थकीत' म्हणून नोंदलं जात होतं. त्याच्याही खाली आणखी एक कर्ज, जे यांनी घेतलंच नव्हतं. ते मेहुण्याचं होतं, हे जामीनदार होते. "सही केली होती, एवढंच," म्हणाले.

590 रुपये भरले, ना-हरकत दाखला घेतला, दुरुस्तीचा अर्ज टाकला. ही दुरुस्ती फुकट असते. तक्रार केल्यापासून 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. 2025 पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला नवी माहिती कळवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखं दोन-दोन महिने वाट बघत बसावं लागत नाही. तरीही हे काम निकालानंतर करायचं नाही. बारावीच्या दिवाळीत करायचं. कर्जमाफीत बसलेलं पीककर्ज रिपोर्टवर अजून थकीत दिसत असेल तर बँकेच्या शाखेतून खातं निरंक झाल्याचा दाखला घ्या आणि तो जोडून दुरुस्ती मागा.

काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत. खरंच बुडवलेलं कर्ज असेल, तर तो डाग वर्षानुवर्षे राहतो. सिबिल 'साफ करून देतो' म्हणून दहा हजार मागणारे एजंट असतात, त्यांच्याकडे कुठलीही गुप्त किल्ली नसते. अशा वेळी सहकर्जदार बदलायचा. आईचा रिपोर्ट स्वच्छ असेल तर आई. आजोबांची पेन्शन असेल, नोकरीतला थोरला भाऊ असेल, लग्न झालेल्या मुलीचा नवरा असेल, तर बँकेला विचारा. काही शाखा ऐकतात, काही नाही. पण वडिलांचंच नाव घालून तीन ठिकाणी नकार घेण्यापेक्षा हे बरं.

मागायचं कर्ज लहान करा

हे वाक्य मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक अधीर होतात, कारण ते कर्जाबद्दल विचारायला आलेले असतात, फी-माफीबद्दल नाही. पण चार लाखांची फाइल आणि नऊ लाखांची फाइल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो पुढे येईलच.

मुलगी असेल, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि ती ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असेल, तर 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की यातलं बहुतेक जातं. विकास शुल्क, वसतिगृह, मेस हे खर्च मात्र उरतातच.

त्या उरलेल्यासाठीही योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, शेतकरी-मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. पैसे उशिरा येतात, हे मान्य. पण उशिरा आलेले पैसेही तुमचेच असतात, कर्जाचे नव्हेत. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज आधी भरा, मग कागदावर वजाबाकी करा. जे उरेल तेवढंच कर्ज.

चार लाख आणि साडेसात लाख: दोन रेषा

सरकारी बँकांची शैक्षणिक कर्जं भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेवर बेतलेली असतात. त्यात हे दोन आकडे ध्यानात ठेवायचे.

4 लाखांपर्यंत तारण नाही, घरचा वाटाही भरायचा नाही. तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलेलं आहे. 4 लाखांच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणासाठी खर्चाच्या 5 टक्के आणि परदेशासाठी 15 टक्के पैसे तुम्ही घालायचे. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती या वाट्यात धरता येते.

साडेसात लाखांपर्यंतची रेषा 2015 मध्ये आलेल्या पत हमी निधीमुळे महत्त्वाची झाली. या निधीतून सरकार बँकेला थकलेल्या रकमेच्या 75 टक्क्यांची हमी देतं, आणि त्या बदल्यात बँकेने विद्यार्थ्याकडून तारणही मागायचं नाही आणि तिऱ्हाइताचा जामीनही. घर गहाण टाकायचं का, काकांना जामीन राहायला सांगायचं का, हे प्रश्न साडेसात लाखांच्या आत पडायलाच नकोत. त्याच्या वर गेलात की बहुतेक ठिकाणी घराचा, प्लॉटचा कागद लागतो, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा नाक मुरडतात.

म्हणून म्हणतो, 7 लाख 80 हजारांचा खर्च निघाला असेल तर लॅपटॉप आणि मेस स्वतः भागवा आणि साडेसातच्या आत राहा. ज्यांचा सिबिल आधीच लंगडा आहे, त्यांनी तर ही रेषा ओलांडूच नये. सरकारी हमी मागे असेल तर शाखाधिकाऱ्याच्या मनातली भीती निम्म्याने कमी होते, हे मी समोर बसून बघितलंय.

पीएम विद्यालक्ष्मी: कुणाला, किती

केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 ला ही योजना मंजूर केली. देशातल्या निवडक संस्थांत, सुरुवातीला त्या 860 होत्या, गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारणाविना, जामिनाविना कर्ज. यादी एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकार लावतं त्या शिक्षणसंस्थांच्या, क्रमवारीवरून ठरते आणि दरवर्षी नवी होते. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते पोर्टलवर आधी बघा. आमच्याकडची बरीचशी खासगी कॉलेजं नसतात, आणि लोक उगाच अर्ज भरून बसतात.

यादीत असेल तर दोन फायदे. घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या कुठल्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ नसेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या एका वर्षात 3 टक्के व्याज सवलत. ही दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच. आणि साडेसात लाखांपर्यंत सरकारची 75 टक्के हमी.

ज्यांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी याहून जुनी आणि याहून मोठी योजना आहे: केंद्रीय व्याज अनुदान, 2009 पासूनची. तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि मान्यताप्राप्त संस्था असेल, तर शिकण्याच्या काळातलं अधिक एका वर्षाचं संपूर्ण व्याज सरकार भरतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हे अनुदान आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तरला. मध्येच शिक्षण सोडलं तर जातं. शाखेत स्वतःहून कुणी सांगेल याची वाट बघू नका, कर्ज मंजूर होतानाच "व्याज अनुदानाचा दावा लावायचा आहे" असं लेखी द्या आणि पोच घ्या.

शाखेत जाताना

अर्ज ऑनलाइनच करा, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून. त्याला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक असलेला अर्ज साहेबांच्या टेबलावरून सहज हरवत नाही. एकाच वेळी पाच बँकांना मात्र अर्ज टाकू नका. प्रत्येक बँक रिपोर्ट मागवते, प्रत्येक मागणीची नोंद होते आणि स्कोअर थोडा थोडा झिजतो. ज्या शाखेत वडिलांचं किंवा आईचं जुनं खातं आहे ती आधी.

"तुम्ही आमच्या हद्दीत येत नाही, गावच्या शाखेत जा." हे वाक्य ऐकलं नाही असं घर मला अजून भेटलेलं नाही. सेवाक्षेत्राचा नियम शैक्षणिक कर्जाला लागू नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच स्पष्ट केलंय.

कागद सगळे जण नेतात: प्रवेशाचं पत्र, फीचा तक्ता, दहावी-बारावीच्या मार्कशीट, दोघांचे आधार आणि पॅन, उत्पन्नाचा दाखला, पगारपत्रक किंवा आयकर विवरण, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मी यात एक कागद वाढवायला सांगतो. सिबिल बिघडलेला असेल तर त्याचा खुलासा, साध्या अर्जाच्या रूपात, पहिल्याच भेटीत द्यायचा. उदाहरणार्थ:

"माझ्या रिपोर्टमध्ये अमुक खात्यावर 2021 मध्ये चार हप्ते थकलेले दिसतात. त्या काळात लॉकडाउनमुळे माझा व्यवसाय बंद होता. सदर कर्ज मार्च 2022 मध्ये पूर्ण फेडले असून ना-हरकत दाखला सोबत जोडला आहे. त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही."

एवढंच. रडगाणं नको. अधिकाऱ्याला स्वतःच्या टिपणात लिहायला एक वाक्य हवं असतं, ते तुम्ही त्याच्या हातात ठेवता. डाग लपवला आणि मग त्याने शोधून काढला, तर तीच फाइल संशयाची होते.

विद्यार्थी अठरा वर्षांचा झालेला नसेल तरी अडत नाही. कागदांवर पालक सही करतात आणि अठरा पूर्ण झाल्यावर मुलाकडून संमतीचं पत्र घेतलं जातं.

मंजुरीनंतर बँकेने मुख्य तथ्य पत्रक द्यायला हवं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. विम्याचा हप्ता गुपचूप कर्जात मिसळला आहे का, हे तिथे कळतं.

नकार आला तर

तोंडी नकार हा नकार नसतो, हे पोरांना पाठच करून ठेवायला सांगतो. लेखी मागा. आदर्श योजनेप्रमाणे शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि कारण अर्जदाराला कळवावं लागतं. "लेखी द्या" म्हटल्यावर अर्ध्या वेळा फाइल परत टेबलावर येते.

लेखी नकार मिळाला तर बँकेच्या विभागीय कार्यालयाला अर्ज, आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना. प्रत्येक जिल्ह्यात हे पद असतं, आणि पुष्कळ पालकांना ते माहीतच नसतं. बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. फी नाही, वकील नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक. मात्र लोकपाल बँकेला "कर्ज द्याच" असं सहसा सांगत नाही. नियम मोडला असेल तिथेच त्याचा उपयोग.

कोर्टाचा दाखला म्हणून एक निकाल माहीत असू द्या. मे 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या बाजूने आदेश दिला. त्याच्या स्वतःच्या नावावर दोन जुनी कर्जं होती, एक थकीत, एक बुडीत धरलेलं, स्कोअर 560. हातात परदेशातल्या नोकरीचा देकार होता. न्यायालय म्हणालं की केवळ कमी स्कोअरमुळे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, विद्यार्थ्यांच्या अर्जाकडे माणुसकीने बघा. याच न्यायालयाने 2020 मध्ये पालकांच्या स्कोअरबद्दलही असंच मत दिलं होतं: फेडायचं विद्यार्थ्याने आहे, तर त्याची शिकल्यानंतरची ऐपत बघा. महाराष्ट्रातल्या शाखेवर हे थेट बंधन नाही. पण अर्जात या निकालाचा उल्लेख असला की तो अर्ज विभागीय कार्यालयात थोडा सावकाश वाचला जातो.

बँकेबाहेरचे दरवाजे

ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. कर्ज बँकेचंच, पण देशातल्या शिक्षणासाठी 10 लाख आणि परदेशासाठी 20 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, महामंडळ परत करतं. महात्मा फुले महामंडळ अनुसूचित जातींसाठी आणि मौलाना आझाद महामंडळ अल्पसंख्याकांसाठी थेट शैक्षणिक कर्ज देतात, बँकेपेक्षा बऱ्याच कमी व्याजाने. इथे भर जातीच्या किंवा समाजाच्या दाखल्यावर, उत्पन्नावर आणि जामीनदारांवर असतो. नोकरदार जामीनदार शोधणं हीच तिथली खरी कसोटी. आणि पैसे येण्याला मुहूर्त नसतो, म्हणून पहिल्या वर्षाची फी यावर अवलंबून ठेवू नका.

पदव्युत्तर शिक्षणासाठी काही न्यास कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा निधी परदेशी शिक्षणासाठी आहे. के. सी. महिंद्रा न्यास आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी देतात. मुलाखत कडक असते, मुलाची गुणवत्ता सिबिलपेक्षा मोठी धरली जाते. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीपासूनच बघायला लागा.

आणि ज्यांना खरोखरच स्कोअरची फिकीर नाही अशा जागा घरातच असतात. सोनं तारण, एलआयसीच्या पॉलिसीवरचं कर्ज, मुदत ठेवीवरची उचल, भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या शिक्षणासाठी काढता येणारे पैसे. एसटीत, जिल्हा परिषदेत, शाळेत नोकरी असेल तर पगारदार पतसंस्था. तिथे पगारातून कपात होते, म्हणून सिबिलची चौकशी कमी. व्याज मात्र शैक्षणिक कर्जापेक्षा जास्त, फेड लगेच सुरू, सवलतीचा काळ नाही. माझं मत विचाराल तर पाटल्या-बांगड्यांवर पहिल्या सत्राची फी भरावी, प्रवेश पक्का करावा, आणि तोवर बँकेच्या फाइलचा पाठपुरावा करावा. पूर्ण चार वर्षं सोन्यावर काढू नयेत. खासगी वित्तसंस्थाही शैक्षणिक कर्ज देतात आणि झटपट देतात, पण त्याही सहकर्जदाराचा सिबिल बघतात, दर चढा असतो, आणि पुष्कळदा व्याज पहिल्या महिन्यापासून भरायला लावतात.

"सिबिल नको, फक्त आधार द्या"

या ओळीची जाहिरात मोबाइलवर दिसली तर बोट तिथेच थांबवा. दोन खुणा पुरेशा आहेत. कर्ज मिळण्याआधी 'फाइल चार्ज', 'विमा', 'जीएसटी' म्हणून पैसे मागतात, किंवा ॲप तुमचे फोन नंबर आणि फोटो बघण्याची परवानगी मागतं. पहिला पैसे घेऊन पळतो. दुसरा तीन-चार हजार देतो आणि आठवड्याने तुमच्या मामाला, वर्गमैत्रिणीला शिव्या देणारे फोन करतो. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर जुलै 2025 पासून परवानाधारकांशी जोडलेल्या कर्ज-ॲपांची यादी आहे, त्यात नाव नसेल तर विषय संपला. फसलात तर लाजत बसू नका, त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन ओळी

अमेरिकेत सरकारी विद्यार्थी कर्ज क्रेडिट न तपासता मिळतं हे खरं आहे. पालकांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्याची मर्यादा 5,500 डॉलर. पण ते तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला नाही. तुमची चुलतबहीण न्यू जर्सीत तिच्या मुलासाठी जो अर्ज भरते, तो तुम्हाला लागू नाही. तुमच्यासाठी प्रॉडिजी आणि एमपॉवर यांसारख्या संस्था आहेत, ज्या सहकर्जदाराशिवाय, पुढच्या कमाईचा अंदाज बांधून कर्ज देतात. दर जास्त आणि कर्ज डॉलरमध्ये. रुपया घसरला की भारतात बसून फेडणाऱ्याचा हप्ता वाढतो.

कर्ज मिळालं, आता

शिकण्याच्या काळात आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. सरळ व्याज. हिशेब करून बघू. अभियांत्रिकीला दरवर्षी 1 लाख असे चार वर्षांत 4 लाख उचलले, दर 10 टक्के. पहिला लाख पाच वर्षं व्याज खातो, दुसरा चार, तिसरा तीन, चौथा दोन. एकूण 1 लाख 40 हजार. व्याज अनुदान नसेल तर हप्ते सुरू होताना कर्ज 5 लाख 40 हजार झालेलं असतं आणि दहा वर्षांचा हप्ता साधारण 7,140 रुपये. तेच व्याज दरमहा भरत गेलात, पहिल्या वर्षी 833 रुपये, दुसऱ्या वर्षी 1,667 असं चढत, तर हप्ता 5,290 च्या आसपास. घरी जमत असेल तर व्याज भरा, नसेल जमत तर मनाला लावून घेऊ नका.

हप्ता सुरू झाल्यावर जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, रकमेला मर्यादा नाही.

आणि दुसऱ्या वर्षाची फी आपोआप जात नाही. बँक दरवर्षी मागच्या वर्षाची मार्कशीट, बोनाफाइड आणि कॉलेजचं फीचं पत्र मागते, मग कॉलेजच्या खात्यावर पैसे टाकते. आमची एक विद्यार्थिनी हे विसरली. कॉलेजने ऑगस्टमध्ये फीसाठी परीक्षेचा फॉर्म अडवला तेव्हा बाप पुन्हा स्टाफरूममध्ये, तीच प्लास्टिकची पिशवी घेऊन. मी विचारलं, मार्कशीट बँकेत दिली का? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी दिली, पाचव्या दिवशी पैसे आले.